सातव्या पायरीवरचं खोटं

प्रिय शुभे,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि इतक्या दिवसांत मी तुला एकदाही हाक मारली नाही. मारणारच नव्हते. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मला ते जमलेलं नाही. सगळे तुझ्या फोटोपुढे डोळे पुसत होते तेव्हा मी मागे उभी राहून दात आवळत होते.

पण येत्या रविवारी लोणावळ्यात तुझ्या कादंबरीवर चर्चा ठेवली आहे. फ्लेक्स लागलाय चौकात! ‘सातव्या पायरीची राणी : वाचक काय म्हणतात?’ आणि खाली बोलणाऱ्यांच्या नावांत माझंही नाव, ‘लेखिकेची बालमैत्रीण’. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणाऱ्या बाईचं नाव फ्लेक्सवर! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

मला दहा मिनिटं दिली आहेत. आयोजक मॅडमचा दोनदा फोन आला. “वर्षश्राद्ध जवळ आलंय त्यांचं, जरा चांगलंच बोला हं.” मी ‘हो’ म्हणाले. ‘हो’ म्हणण्यात माझा हात कोण धरणार? पण तिथे काय बोलायचं ते अजून ठरत नाहीये, म्हणून आधी तुझ्याशी बोलून घेते. तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल बोलायची मला सवय नाही.

पुस्तक गाजलं गं तुझं. तुला वाटलं होतं त्याहून जास्त. नववीच्या पोरी दप्तरात लपवून आणतात, तास चालू असताना बाकाखाली धरून वाचतात. शनिवार-रविवारी भाज्याची लेणी बघायला येणारी माणसं मळवली स्टेशनला उतरल्या उतरल्या विचारतात, “ते सात पायऱ्यांचं टाकं कुठे आहे?” आपल्या लेण्यांत पाण्याची टाकी आहेत, पायऱ्याही आहेत, पण मोजून सात असलेलं टाकं कुठलं आणणार? रिक्षावाले काय, जे जवळ पडेल ते दाखवतात. पोरी तिथे उभ्या राहून फोटो काढतात, हात जोडतात. मी एकदा हे बघितलं आणि खाली येऊन माझ्या यमुआत्याचं कणसांचं दुकान असायचं त्या जागेवर जरा वेळ बसले.

आता तिथे मोमोची गाडी लागते.

तुला वाचकांचं सगळं ऐकायचं असायचं, चांगलं आणि वाईटही. म्हणून सांगते. आपल्या वाचनालयाचा नियम मी मोडलेला नाही. आमच्या वस्तीतल्या विहारामागच्या त्या खोलीत आपण पहिली चाळीस पुस्तकं मांडली तेव्हाच तू फर्मान काढलं होतंस, की प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरा कागद चिकटवायचा आणि पुस्तक परत करणाऱ्याने त्यावर एक तरी ओळ लिहायची. नुसतं ‘आवडलं’ चालणार नाही, का आवडलं ते लिहायचं. लिहिता येत नसेल त्याने सांगायचं, आपण लिहून घ्यायचं. त्याशिवाय पुढचं पुस्तक नाही! लोक सुरुवातीला वैतागले, आता पुस्तक घ्यायच्या आधी ते शेवटचं पान वाचतात. तुझ्या पुस्तकाला कागदाला कागद जोडत गेले, आता ते मिटत नाही धड.

तुमच्या वरच्या आळीतल्या एका सुनेने लिहिलंय, “एका बैठकीत संपवलं. पोळ्या करपल्या, सासूबाई ओरडल्या, तरी उठले नाही.” रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका आहेत ना, ते लिहितात, “यक्ष फार बोलतो. एवढ्यात मालगाडी खंडाळ्याचा घाट चढून गेली असती.” कॉलेजातल्या एकाला नकाशा हवा होता आणि यक्षाची लढाई हवी होती. लोणावळ्यात बंगला घेऊन राहिलेल्या एक बाई, निळ्या शाईत, सुंदर अक्षरात, “ती राजकन्या निघते तिथे अंगावर काटा आला. अखेर न्याय झाला.”

त्याच्या खाली कुणीतरी पेन्सिलीने विचारलंय, “कुणाला?”

मग त्यावरून जुंपली. बाण काढले, एकमेकांची वाक्यं खोडली. “गोष्टीत कशाला जात आणता?” “आणली कुणी?” “परीकथा आहे, परीकथेसारखी वाचा.” माझ्या भावाने तर पान फाटेल इतकं दाबून लिहिलंय, “ही गोष्ट चोरीची आहे.” आणि तुझा दादा एकदा मुद्दाम खाली वस्तीत येऊन लिहून गेला, “आमच्या घराण्याचं नाव काढलं.” विहाराच्या खोलीत तो पहिल्यांदाच आला होता. चहा मात्र नको म्हणाला.

या सगळ्यात आमच्या वस्तीतल्या एका सातवीतल्या मुलीने लिहिलेली ओळ आहे. “सहाव्या पायरीपर्यंत मला वाटलं ती माझ्यासारखी आहे. मग ती तुमच्यातली निघाली.”

शुभे, ती ओळ मी उभ्या उभ्या तीनदा वाचली.

चोरीचं मला काही नाही. भावाला मी तेव्हाच सांगितलं, की आत्याने गोष्टीला कुलूप लावून ठेवलं नव्हतं, जो कणीस घेईल त्याला ती गोष्ट फुकट सांगायची. आणि तू तर तिची सगळ्यात लाडकी गिऱ्हाईक. शनिवारी दुपारी शिकवणीला जाते म्हणून घरातून निघायचीस आणि लेण्यांच्या पायथ्याशी येऊन आत्याच्या शेगडीला वारा घालायचीस. तुझ्या आईला तो धुराचा वास कधीच कसा आला नाही? की येत होता?

आत्या कणीस फिरवत फिरवत सांगायची. यमुआत्याचा आवाज अजून ऐकू येतो मला.

“टाक्याला सात पायऱ्या हुत्या. पानी पार तळाला, आन पान्यावर यक्षाची राखन. जो उतरंल त्याला परत्येक पायरीला इचारायचा, ‘तू कोनाची?’ खोटं बोललं की तितंच दगूड. पाटलाचं पोर गेलं, म्हनलं राजाचा हाये. झाला दगूड! सावकार गेला, गोसावी गेला. समदे दगूड. मग गावाला आठवली गावकुसाभायेरची पोर. तिला कदी टाक्याला शिवून दिलं न्हवतं, पर आता म्हनले, जा. दगूड झाली तर कोन रडनार हाये?”

इथे तू दर वेळी म्हणायचीस, “मी रडेन!” आणि आत्या म्हणायची, “तू गप. गोष्टीत तू न्हाईस.”

मग ती पोर उतरायची. तू कोणाची? गवतवाल्या धुरपीची. यक्ष लालूच दाखवायचा, पाटलाची म्हण, पाणी देतो. ती म्हणायची, गवतवाल्या धुरपीची. सावकाराची म्हण. धुरपीची. सातव्या पायरीला यक्ष हळूच म्हणायचा, “राजाची हाये म्हन. फकस्त येकदा. हितं कुनाला कळतंय?” आणि आत्या शेगडीवरचा हात थांबवायची. कणीस करपायचं, गिऱ्हाईक ओरडायचं, पण तिचा हात हलायचा नाही.

“ती म्हनली, ‘कुनाला नका कळू. धुरपीला कळंल.’ आन पानी आलं वर! पार काठापातूर. तवापासून तितं कुनालाच पायरी उतरावी लागत न्हाई.”

ही गोष्ट. आणि तू काय केलंस? सातव्या पायरीवर तिला पाण्यात स्वतःचा चेहरा दाखवलास, कपाळावर राजघराण्याची खूण दाखवलीस, आणि पाणी वर आणलंस ते त्या खुणेसाठी! तिची आई धुरपी निघाली नुसती सांभाळणारी बाई. तिला शेवटच्या प्रकरणात राजवाड्यात एक खोलीसुद्धा दिलीस, मागच्या अंगणात. कुणी सांगितलं होतं तुला हे करायला? इतकी वर्षं आत्याच्या पायाशी बसून तू हेच ऐकलंस? सहा पायऱ्या तू इतक्या सुंदर लिहिल्यास की आत्या जिवंत झाली, आणि सातवीवर तू तिचा गळा धरलास. मला दुसरा शब्द सुचत नाही. तू आमचा विश्वासघात केलास.

हे असं मी रविवारी माईकवर म्हणणार होते. पाठ केलं होतं, आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

पण गेल्या आठवड्यात कुसुममावशी आली. बंगल्यांवर झाडलोट करणारी, आत्याशेजारी लिंबू सरबत विकायची ती. साठीनंतर साक्षरतेच्या वर्गात जाऊन वाचायला शिकली. एकेका शब्दाखाली बोट ठेवून तिने तुझं पुस्तक वाचलं, दोन महिने लागले. शेवटच्या पानावर तिने तिच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, “शेवट यमीचा न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सुजे, तू मैतरीन तिची. तिला सांगितलं का न्हाईस?”

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “तिने मला कुठं विचारलं मावशी?”

मावशी गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली. तिची एक सवय आहे, पुस्तकाच्या सुरुवातीची लेखकाची पानं ती सगळ्यात शेवटी वाचते. म्हणते, आधी गोष्ट, मग बाकीची वटवट. तिने तुझं मनोगत उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘ही लोककथा जिच्या घरच्यांकडून मी ऐकली त्या माझ्या बालमैत्रिणीने हस्तलिखित वाचून सांगितलं, एक अक्षरही बदलू नकोस.’

“ह्ये तूच न्हवं?” मावशीने विचारलं.

मी पुस्तक मिटून ठेवलं. मावशी दारात चपला घालता घालता जरा थांबली, मग गेली. त्या रात्रीपासून मला तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन नाही.

हो, तू विचारलं होतंस. शाळेच्या गेटवर उभी होतीस, हातात जाडजूड फाईल. आत ये म्हटलं तर आली नाहीस. म्हणालीस, “शेवट मी बदललाय, सुजा. आत्याचा नाही ठेवला. तू वाच. तू नको म्हणालीस तर मी छापणार नाही, शप्पथ.” असं कोण विचारतं गं कुणाला? आणि मी वाचलं. दोन दुपारी, प्रयोगशाळेचं दार लावून. पहिल्या दिवशी रडले, कारण आत्या जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि ती पानापानांत बोलत होती. दुसऱ्या दिवशी शेवट वाचला आणि इतका संताप आला की फोन उचलून तुला नको नको ते बोलणार होते.

फोन हातात होता आणि मला कॉलेजला असतानाची ती पुण्यातली खोली आठवली.

तुला तर ती आठवत असणारच. पहिल्या दोन खोल्या माझं आडनाव ऐकताच ‘आत्ताच दिली’ झाल्या होत्या. तिसऱ्या घराच्या काकूंनी विचारलं, “तुम्ही दोघी कोणाच्या गं?” आणि मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, “ही माझी मावसबहीण.” किती सहज म्हणालीस! डोळ्याची पापणी लवली नाही तुझी. बाहेर आल्यावर माझा हात दाबून म्हणालीस, “आता बोल, कुठली जात आणि कुठलं काय!” तुला वाटलं तू मला सोडवलंस. मलाही तसंच वाटलं. दोन वर्षं मी तुझं आडनाव लावून राहिले, काकूंच्या देवघरातली फुलं बदलली, हरतालिकेला वाळूची पिंड केली. घरून भिंतीवर लावायला दिलेला निळ्या कोटातला फोटो ट्रंकेच्या तळाशीच राहिला.

आणि मग एका दुपारी आत्या आली. न कळवता. शेंगा, तांदूळ, डब्यात सुक्या बोंबलाची चटणी. गोंदलेले हात, धुराने काळवंडलेली बोटं, लोकलच्या गर्दीत चुरगळलेलं नऊवारी. जिन्यात काकूंनी अडवलं आणि वर हाक मारली, “अगं, या कोण आल्यात?”

तू तोंड उघडलं होतंस, मला आठवतंय. या वेळी तुझ्या आधी मी बोलले.

“गावाकडच्या आहेत. आमच्या घरी कामाला असतात.”

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. आत्याने माझ्याकडे बघितलं, फार नाही, एवढंच. मग डोक्यावरचा पदर सारखा करत काकूंना म्हणाली, “व्हय बाई. मालकीनबाईंनी पोरींला खाऊ धाडलाय.” खोटं बोलली ती! माझ्यासाठी! काकूंनी पाणी दिलं ते तिने ओंजळीने प्यायलं, पिशवी पायरीवर ठेवली आणि निघाली. मी खांबासारखी उभी. तू अनवाणी तिच्या मागे धावलीस. अर्ध्या तासाने परत आलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते. काय म्हणाली ती तुला? तू तिला काय म्हणालीस? हे मी तुला कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. त्यानंतर आत्याने ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही. पोरं मागे लागली की म्हणायची, “इसारले बाबांनो.” आणि मला दर दिवाळीला तशीच जवळ घ्यायची. ती एकदा तरी रागावली असती तर बरं झालं असतं.

मग सांग, कोणत्या तोंडाने मी तुला म्हणणार होते, की आत्याची पोर सातव्या पायरीवर खोटं बोलली नव्हती? तू काही उलट बोलली नसतीस, मला माहीत आहे. पण तुला तो जिना आठवला असता, आणि तुला आठवलंय हे मला कळलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी मी ती मूठ झाकून धरली आणि फोनवर म्हणाले, “मस्तच झालंय. एक अक्षरही बदलू नकोस.”

तू थोडा वेळ गप्प होतीस. मग म्हणालीस, “बरं.”

त्या गप्पपणात काय होतं, शुभे? मी खोटं बोलतेय हे तुला कळलं नाही असं मला कुणी सांगू नये. परीक्षेत मला किती मार्क पडले ते तू माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखायचीस. कळलं होतं तुला. तरी ‘बरं’ म्हणालीस, कारण तुला तो शेवट हवा होता आणि त्यावर माझा शिक्का हवा होता. आणि तो शिक्का तू मनोगतात छापलास! पुढे लोक चिडून लिहायला लागले तेव्हा त्या मुलाखतीत तू काय म्हणालीस ते मी शाळेच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर मोबाईलवर ऐकलं. “ज्यांची ही गोष्ट आहे, त्यांना शेवट पटलाय. मग इतरांनी का रागवावं?” कुणाला पटला होता गं? आत्याला? कुसुममावशीला? त्या सातवीतल्या पोरीला? तू माझं एक भेदरलेलं खोटं उचललंस आणि अख्ख्या वस्तीचं मत म्हणून पुढे धरलंस. माझा खरा राग हा आहे. गोष्ट बदललीस त्याहून मोठा.

एक प्रश्न मात्र मला सोडत नाही. तू तो शेवट माझ्यासाठी बदललास का? ती पोर मुळात राजाचीच निघाली तर सातव्या पायरीवर तिला काही नाकारावंच लागत नाही, खोटं बोलावंच लागत नाही. मग जिन्यात जे झालं तेही झालंच नाही. खोलीसाठी तू मला तुमच्यातली केलीस, तशीच पुस्तकात त्या पोरीलाही तुमच्यातली करून सोडवलीस. असंच असेल तर काय बोलू मी तुला? तुझ्या मायेची तऱ्हाच अशी होती. मला वाचवायचं म्हटलं की आधी माझी माणसं पुसायचीस. आणि मी पुसू द्यायचे.

दवाखान्यात तुला भेटायला आले होते, दोनदा. दुसऱ्या वेळी तू डोळे मिटूनच विचारलंस, “शेवट खरंच पटला होता का गं?” तुझा हात किती हलका झाला होता. मी म्हणाले, “झोप आता.” आणि शाळेतल्या उंदरांची काहीतरी गंमत सांगितली. तू हसलीस. मरणाऱ्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून मी खरं बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत होते. तू दार उघडून दिलं होतंस, मीच आत आले नाही.

काल कुसुममावशीकडे जाऊन आले. अंगणात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “मावशी, मी खोटं बोलले. तिनं विचारलं होतं मला.” ती वर न बघता म्हणाली, “ठावं हाये.” मग जरा वेळाने, “का म्हनून बोललीस त्ये सांग.” मी म्हटलं, “रविवारी सांगते. सगळ्यांपुढं. तुमी या, पुढं बसा.” तिने सूप खाली ठेवलं. “म्हंजी लय वंगाळ असनार,” म्हणाली. मी सुपातला एक खडा उचलून टाकला. “येते,” म्हणाली.

तेव्हा शुभे, ऐक आता. तुझं पुस्तक मी वाचनालयातून काढणार नाही, भाऊ कितीही ओरडला तरी. तुला कुणी चोर म्हणालं तर मी त्याला गप्प करीन. रविवारी आधी आत्याची गोष्ट सांगेन, तिच्या बोलीत, तिच्या नावासकट, सातव्या पायरीपर्यंत. मग म्हणेन, की माझ्या मैत्रिणीने हा शेवट बदलला आणि ती चुकली. तुला लागेल, लागू दे. आणि त्यानंतर त्या जिन्यात मी काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगेन. तुझा दादा पहिल्या रांगेत असेल. शाळेतल्या बाई असतील. माझी लेक असेल, जी कुणीही विचारलं तरी आडनाव मोठ्याने सांगते आणि आईकडूनच हे शिकले म्हणते. तिच्याकडे बघून मला ते सांगावं लागेल. त्यानंतर ती माझ्याबद्दल काय म्हणेल ते मला माहीत नाही.

भीती वाटतेय गं. तू असतीस तर त्या क्षणी उठली असतीस, काहीतरी हसत बोलली असतीस आणि मला सांभाळून नेलं असतंस. आयुष्यभर तू तेच केलंस आणि मी तुला ते करू दिलं. रविवारी माझ्या आधी बोलणारं कुणी नसेल. त्याचं मला किती वाईट वाटतं ते तुला सांगता येत नाही, आणि खरं सांगू का, बरंही वाटतं.

तुझी मैत्रीण,
सुजाता